बैल न जुंपलेली गाडी

माझ्या मामांना शेवटपर्यंत एक शंका होती. ढोरांच्या कॉलेजातून जो दाखला मिळतो तो नेमका कोणाच्या नावाने असतो, माझ्या की ढोराच्या? वरोऱ्याच्या बाजारात कापसाच्या गाड्या उभ्या असत, तिथे चारचौघांत ते हे विचारत आणि स्वतःच पोट धरून हसत. घरी तरी काय वेगळं होतं! आई शेजारणींना सांगे, "पोरगा डाक्टर होऊन राह्यला," आणि कशाचा ते कोणी विचारायच्या आत विषय लोणच्यावर नेई. मुलीकडचे लोक 'डॉक्टर' ह्या शब्दावर खूश होऊन घरी येत आणि पुढचा शब्द कळला की चहा अर्धा ठेवून उठत. मला ह्या सगळ्याचा फार राग येई. राग हा माझ्या नाकावर बसलेलाच असतो, हे आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक आहे.

त्या वेळी आमचा चांदा जिल्हा मध्य प्रदेशात होता आणि जनावरांच्या डॉक्टरकीचं कॉलेज इतकं दूर की दोन गाड्या बदलाव्या लागत. तिथे मी जे शिकलो ते सगळं खरं होतं, हे आधीच सांगून टाकतो. पुढे जी फजिती सांगणार आहे ती कॉलेजची नाही, माझी आहे. घोड्याचा खूर, गाईचं पोट, कोंबडीचा ताप, सगळं आम्ही हात घालून शिकलो. फक्त कॉलेजातला बैल लोखंडी चौकटीत उभा असे. रोज नवी पोरं येऊन त्याची शेपटी उचलत, जीभ ओढत, आणि तो जुन्या सरकारी नोकरासारखा सगळं सोसून रवंथ करी. सगळे बैल असेच असतात अशी माझी समजूत झाली होती.

आमचे एक म्हातारे मास्तर होते. दोन गोष्टी ते पुन्हापुन्हा सांगत. पहिली अशी, की जनावर आपली तक्रार सांगत नाही आणि मालक भलतीच सांगतो, म्हणून आधी बघा, मग विचारा, आणि बोला सगळ्यात शेवटी. दुसरी अशी, की जे होणार आहे ते आधी सांगून ठेवा. आधी सांगितलं तर ते ज्ञान, नंतर सांगितलं तर ती सबब. पहिली गोष्ट मी दाखला हातात पडताच विसरलो.

नेमणूक झाली ती एटापल्लीच्या बाजूला, जंगलात. दवाखाना म्हणजे कौलारू एक खोली, एक टेबल, एक कपाट आणि बाहेर पाटी. पहिल्या महिन्यात दात दुखणारी माणसंच जास्त आली. शिपाई होता माझ्या दुप्पट वयाचा, आणि ढोरांचं माझ्या चौपट जाणणारा. त्याला मी भाऊ म्हणत असे. त्याचा एकच दोष होता, विचारल्याशिवाय तो एक शब्द बोलत नसे. आणि मला विचारायची सवय नव्हती.

मोहाची फुलं गळायच्या दिवसांत, उन्हाळ्याच्या तोंडावर, खबर आली, की पाच कोसांवरच्या एका गावात दोन बैल मेले. मी आणि शिपाई भाऊ औषधाची पेटी घेऊन चालत निघालो. गाव गोंडांचं, जंगलाच्या पोटात, चाळीसेक घरांचं. गावाचा म्होरक्या आणि पुजारी एकच, त्याला भूमिया म्हणत. वाळक्या बांबूसारखा उभा म्हातारा. तो देवाला, तहसीलदाराला, बैलाला, सगळ्यांना 'तू'च म्हणे, त्यामुळे मलाही तू म्हणाला. मी ते मनावर घेतलं नाही, असं तेव्हा मी स्वतःला सांगितलं.

मेलेल्या बैलांची शिंगं आणि हाडं तेवढी शिल्लक होती. हाडांवरून रोग ओळखता येत नाही. अशा वेळी शहाण्याने गप्प बसावं. मी बाजेवर उभा राहिलो आणि तासभर बोललो. बुळकांडी म्हणजे काय, ती एका ढोराकडून दुसऱ्याकडे कशी जाते, आजारी ढोर वेगळं का बांधावं, गोठा कसा झाडावा, सगळं छापील मराठीत. झाडण्यावर विशेष भर दिला. लोक इतके शांत ऐकत होते, की मला माझाच अभिमान वाटला.

भूमियाने शेवटी विचारलं, "याच्या आंधी कोन्या गावी होता तू?"

मी सांगितलं, नदीकाठच्या गावी.

"तिथी ढोरं मेली होती?"

"हो. म्हणून तर गेलो होतो."

"त्याच्या आंधी?"

"पहाडाखालच्या गावी. तिथेही मेली होती."

भूमियाने मान हलवली. माझा अनुभव पाहून म्हातारा गार झाला, असं मी समजलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी ढोल वाजायला लागले. बाहेर येऊन बघतो तर सगळं गाव जमलेलं आणि मधोमध एक खासर, म्हणजे आमच्या तिकडची हलकी बैलगाडी, शेणाने सारवून उभी. भूमियाने माझ्या कपाळाला हळद लावली, मांडीवर एक काळी कोंबडी ठेवली, पायाशी लिंबू, जुनं सूप आणि झाडू ठेवला. झाडू कशाला, असं क्षणभर मनात आलं. मग लक्षात आलं की काल मी झाडण्यावर बोललो होतो, त्याचा परिणाम असणार. आणि गाडीला बैल नव्हते! दहा तरणे गडी पुढे झाले आणि त्यांनी स्वतः जू खांद्यावर घेतलं. मोठ्या पुढाऱ्यांची गाडी लोकांनी ओढली, असं मी पेपरात वाचलं होतं. मी दोन्ही बाजूंना नमस्कार करत होतो. एकही नमस्कार परत आला नाही. आदराने माणसं बुजतात, हे मला माहीत होतं.

पलीकडच्या गावाच्या शिवेवर गाडी थांबली. मला उतरवलं. भूमिया म्हणाला, "जा आता. मागं पाहू नको." रस्ता खडकाळ होता, मागे बघताना ठेच लागेल म्हणून म्हातारा जपतोय, असं मला वाटलं. किती माया, हे मी मागून चालत आलेल्या शिपाई भाऊंना बोलूनही दाखवलं. ते "हं" म्हणाले. दुपारी मी ती कोंबडी शिजवायला सांगितली. कोंबडीसाठी दोन कोस चालणारा हा माणूस म्हणाला, "मले नाई पायजे." मी एकट्याने खाल्ली. चवीला चांगली होती.

त्याच आठवड्यात मास्तरांना मी चार पानी पत्र लिहिलं. आपल्या कॉलेजच्या विद्येचा अरण्यात कसा सत्कार झाला, मिरवणूक कशी निघाली, माणसांनी गाडी कशी ओढली, सगळं सविस्तर. मामांनाही एक प्रत पाठवली. मास्तरांचं उत्तर पंधरा-वीस दिवसांनी एका कार्डावर आलं. 'मिरवणूक निघाली हे वाचून आनंद झाला. ती गावात आली की गावाबाहेर गेली, ते लिहायचं राहून गेलं आहे.'

कार्ड मी दोनदा वाचलं. मग शिपाई भाऊंना हाक मारली. पहिल्यांदाच काहीतरी विचारायला.

"भाऊ, त्या गावच्या लोकायनं मले गाडीत बसवलं, ते काऊन?"

"तुमाले सोडाले."

"कुठी सोडाले?"

"शिवेच्या बाहेर. ढोरायवर रोगाची माय आली का असंच सोडते, साहेब. लहानशी लाकडाची गाडी करते, तिच्यात लिंबू, झाडू, कोंबडी ठेवते आन दुसऱ्या गावच्या शिवेवर नेऊन देते. ते गाव तिसऱ्याच्या शिवेवर नेते. तुमी लहान गाडीत मावले नसते, म्हनून मोठी काढली."

"आन बैल?"

"मायच्या गाडीले बैल कोन जुंपन? बैलालेच रोग व्हायचा. मानसंच ओढते."

"तुमाले हे तवाच मालूम होतं?"

"हाव."

"मंग सांगतलं काऊन नाई?"

"तुमी विचारलं नाई," शिपाई भाऊ म्हणाले. मग जरा थांबून म्हणाले, "आन तुमी लय खूश होते."

म्हणजे त्या गावाच्या लेखी मीच बुळकांडी होतो. दोन दिवस मी कोणाशी बोललो नाही. तिसऱ्या दिवशी राग उतरला आणि म्हाताऱ्याचं डोकं मला दिसायला लागलं. जिथे ढोरं मरतात तिथे डॉक्टर असतो, हे त्याने माझ्याच तोंडून वदवून घेतलं होतं. निरीक्षण चोख होतं, फक्त आधी कोण आणि मागून कोण एवढंच उलटं लागलं होतं. त्यात भर अशी, की मला ज्या गावाच्या शिवेवर सोडलं त्याच गावात आठवड्याच्या आत खरी बुळकांडी लागली. आजार इथून काढला, तिथे गेला. कॉलेजात ह्याला प्रयोग यशस्वी झाला असं म्हणतात. मामांचीही चिठ्ठी आली, त्यांनी गावभर पत्र वाचून दाखवलं होतं.

तेवढ्यात जिल्ह्याहून लस आली. काचेच्या बारीक कुप्यांमध्ये वाळलेली पूड, बर्फात ठेवलेली. बर्फ भुशात, भुसा गोणपाटात, आणि ते सगळं लाकडाच्या ट्रकवर बसून चांद्याहून आलेलं. बर्फ आहे तोवर लस जिवंत, आणि मिठाच्या पाण्यात पूड मिसळली की दोन तासांत संपवायची. हुकूम असा, की रोग शेजारी आला आहे पण जिथे अजून शिरला नाही त्या गावापासून सुरुवात करावी. ते गाव कोणतं, हे मला नकाशा न बघता कळलं, कारण त्या दोन बैलांनंतर भूमियाच्या गावात एकही ढोर आजारी पडलं नव्हतं. दोन्ही गावांची ढोरं एकाच नाल्यावर पाणी पीत. नांगरणीला महिना होता. ढोरं टोचली गेली तर भूमियाच्या गावात भात पेरला जाणार होता. नाहीतर ज्या खांद्यांवर माझी गाडी आली त्यांवरच नांगर घ्यावा लागणार होता.

उन्हाळ्यात पाच कोस आम्ही पहाटे निघून चाललो. गावाच्या शिवेवर, मोठ्या मोहाखाली, दोन गड्यांनी बांबू आडवा धरला. भूमिया आला.

"तुले सोडून देलं होतं," तो म्हणाला. आवाजात राग नव्हता, तक्रार होती. "सोडलेली माय परत आली तर दुप्पट होते."

मी एवढे दिवस न वापरलेली मास्तरांची पहिली गोष्ट वापरली, गप्प बसलो. मग भूमियाला विचारलं, "बाबा, पलीकडच्या गावी काय होऊन राह्यलं?"

"ढोरं मरून राह्यली."

"त्याईची ढोरं आन तुमची ढोरं पानी कुठी पेते?"

तो नाल्याकडे बघायला लागला. मी गोणपाट उघडून बर्फ दाखवला. नारळाएवढा निघाला होता, आता कवठाएवढा उरला होता. हा संपला की माझं औषध मेलं, एवढंच मी म्हणालो. भूमियाने बर्फाला बोट लावलं, चटकन मागे घेतलं, पुन्हा लावलं. मग बराच वेळ जमिनीकडे बघत राहिला. आपल्याच कायद्यात तो भोक शोधत होता, हे मला नंतर कळलं.

"तू आत येऊ शकत नाई," तो शेवटी म्हणाला. "पन ढोरं बाहेर येऊ शकते. रोजच येते चराले."

मी मान डोलावली. एवढा सोपा तोडगा आमच्या खात्यात निघायला दोन परिपत्रकं लागली असती.

आता प्रश्न आला बैल धरायचा. कॉलेजची लोखंडी चौकट इथे कुठून आणणार? मी ते सांगितलं तर गडी हसले. तासाभरात त्यांनी बांबू तोडून शिवेवर दोन रांगा गाडल्या, एक बैल जाईल एवढी अरुंद गल्ली, पुढे आडवा बांबू. गल्लीच्या तोंडावर भूमियाने पानांची दोरी बांधली. ती त्याची लस, ही माझी. मी पूड पाण्यात मिसळली.

"पयले माही जोडी," भूमिया म्हणाला. "मेली, तर गाव पुढची ढोरं देनार नाई आन तुले इथून जाऊ देनार नाई."

पांढरा बैल शहाणा निघाला. तांबड्याने मात्र सुई लागताच मागचा पाय असा झाडला, की बांबू मोडून तो माझ्या मांडीला लागला. कॉलेजच्या त्या रवंथ करणाऱ्या बिचाऱ्याची मला फार आठवण झाली. मी लंगडत उठलो आणि मास्तरांची दुसरी गोष्ट पाळली, पुढचं आधीच सांगितलं, मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "तिसऱ्या दिवशी ह्याईले ताप येईन. चारा खानार नाई. डोळ्यातून पानी येईन. पाचव्या दिवशी खाईन. हे आत्ताच सांगतो."

"आन पाचव्या दिवशी नाई खाल्लं तर?"

"म्हणून मी इथीच राह्यतो."

असं मी बोलून गेलो. ज्ञान आधी सांगायचं असतं हे ठीक, पण त्यात स्वतःला गहाण टाकायचं नसतं, हे मास्तरांनी सांगितलं नव्हतं. मात्र त्या शब्दाने एक झालं. बाकीचं गाव थांबलं नाही, औषध मरेल म्हणून भूमियाने स्वतः एकेक ढोर गल्लीत घातलं. दोन तास मी मान वर केली नाही.

मग मोहाखाली माझा मुक्काम सुरू झाला. झोपायला धानाचं तणस, म्हणजे भाताचा पेंढा, अंथरला. जेवण गावातून येई, पण आणणारी बाई शिवेच्या अलीकडे भांडं ठेवी आणि मी पलीकडून हात लांब करून घेई. आंबील, भात, एकदा मासे. तिसऱ्या दिवशी ढोरांना ताप आला. सगळं गाव सांगितल्याप्रमाणे झालं म्हणून आश्चर्याने माझ्याकडे बघायला आलं आणि मी पाचव्या दिवसापर्यंतचे तास मोजत होतो. पाचव्या दिवशी सकाळी एकेक ढोर चाऱ्याला तोंड लावायला लागलं. पांढऱ्यानेही खाल्लं. तांबड्याने नाही.

भूमिया दुपारभर शिवेच्या त्याच्या बाजूला उकिडवा बसून होता. मला खूप भीती वाटत होती, त्याच्या बैलाची आणि माझी, आणि कुठली जास्त ते आज सांगता येत नाही. तांबडा पडूनच आहे, अशी बातमी दर थोड्या वेळाने येई. ऊन कलल्यावर मी नाल्यावर तोंड धुवायला गेलो. परत आलो तर दाव्याचा तुकडा गळ्यात लोंबत असलेला तांबडा शिव ओलांडून माझ्या मोहाखाली उभा होता आणि माझं अंथरूण खात होता. उशीकडून सुरुवात करून पायथ्याशी आला होता. भूमिया त्याच्याकडे बघत होता. तो म्हणाला, "तुह्या हातचं गोड लागलं त्याले." मग तो हसला. त्याला एकच दात होता, हे मला पहिल्यांदा दिसलं.

पलीकडच्या गावात ती बुळकांडी पावसाळ्यापर्यंत राहिली. भूमियाच्या गावात एकच जनावर गेलं. जेवण आणणाऱ्या त्या बाईने म्हशीचं एक पारडू माझ्या सुईच्या भीतीने घरात लपवून ठेवलं होतं. नांगरणीच्या आधी ते मेलं. मी शिवेवर गेलो तेव्हा ती बाई समोर येऊन उभी राहिली.

"माह्या घरी काऊन नाई आला तू?"

"मले आत यायची मनाई होती, बाई."

ती रडली नाही. मला मात्र रडू आलं. एवढं शिकून मी एका पारडापासून चाळीस पावलांवर बसून राहिलो होतो. मला वाटतं त्या दिवशी मी खरा डॉक्टर झालो, दाखला ढोराच्या नावाने असो की माझ्या. भूमियाने ते पाहिलं. दुसऱ्या दिवशी शिवेवरचा बांबू काढून ठेवलेला होता. तो एवढंच म्हणाला, "तू आजार नाई. तू आजाराच्या मागं मागं चालनारा हाय." ह्याहून नेमकी व्याख्या मला कॉलेजात कोणी शिकवली नव्हती.

पुढे राज्यं बदलली, चांदा जिल्हा मुंबई राज्यात गेला, आणि माझीही बदली झाली. निरोप घ्यायला मी त्या गावी गेलो. सकाळी ढोल वाजायला लागले. बाहेर येऊन बघतो तर खासर सारवून उभी. भूमियाने माझ्या कपाळाला हळद लावली. मांडीवर काळी कोंबडी ठेवली. मी झाडू आहे का म्हणून पायाशी बघितलं. झाडू नव्हता. पण हळद तीच, कोंबडी तीच, ढोल तेच. शिपाई भाऊंकडे पाहिलं तर ते आकाशाकडे बघत होते. विचारायचं धाडस झालं नाही.

तेवढ्यात भूमिया गोठ्यातून आपली जोडी घेऊन आला. पांढरा आणि तांबडा. त्याने स्वतःच्या हाताने त्यांना गाडीला जुंपलं, आणि पुढे चढून कासरा धरला. शिवेवर, त्याच मोहाखाली, त्याने गाडी थांबवली. पारडूवाली बाई तिथपर्यंत चालत आली होती.

"जा आता," भूमिया म्हणाला. "मागं पाह्यत जाजो."

नव्या गावी पोचल्यावर मास्तरांना मी पत्र लिहिलं. ह्या वेळी कार्डच पुरलं. 'मिरवणूक गावाबाहेरच गेली, सर. पण गाडीला बैल जुंपले होते.'